एक सांगाडा, अनेक रूपे

कोलकात्याजवळ हुगळी नदीच्या काठी बजबज हे तेलसाठ्यांचे बंदर आहे. दुसऱ्या महायुद्धात या बंदराचा संबंध आसाममधील सैनिकी मालमोटारींशी आला. लेडोहून ब्रह्मदेशमार्गे चीनकडे नवा रस्ता बांधण्यात आला आणि जानेवारी १९४५ मध्ये त्यावरून पहिला ताफा निघाला.

या आघाडीवर अमेरिकेच्या जीएमसी कंपनीच्या अडीच टनी मालमोटारी वापरात होत्या. इंजिनाची शक्ती तिन्ही आसांना मिळत असल्याने त्या चिखलातूनही वाट काढीत. सांगाडा व इंजिन तेच ठेवून त्यावर कधी मालाचा हौदा, कधी पाण्याची वा इंधनाची टाकी, तर कधी खडी ओतणारा उलटता हौदा बसवला जाई. त्यामुळे बहुतेक सुटे भाग समान राहत आणि दुरुस्ती सुलभ होई.

तथापि इंधन वाहणारी गाडी स्वतःही इंधन जाळते. अंतर जितके अधिक, तितका हा खर्च मोठा. दूरच्या पल्ल्यासाठी नळ अधिक काटकसरीचा ठरतो. म्हणूनच बजबजपासून तिनसुकियापर्यंत सहा इंच व्यासाची तेलवाहिनी टाकण्यात आली. वाहनाची रूपे कितीही असोत, त्याची धाव अखेर इंधनाच्या पुरवठ्यावरच अवलंबून असते.