वळचणीचे काम आणि दरपत्रकांची पारख

कौलारू इमारतीची पाहणी करताना दृष्टी प्रथम आढ्याकडे आणि कौलांकडे जाते. वळचणीकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक छपराचे आयुष्य बहुतांशी वळचणीवर अवलंबून असते. पाख्यावरून वाहत आलेले सर्व पाणी वाशांच्या टोकांशी येऊन पोहोचते. तेथे ती टोके झाकणारी फळी शाबूत असली आणि पाणी दूर नेणारी पन्हळ वाहती असली, म्हणजे भिंत कोरडी राहते. फळी कुजली किंवा पन्हळ गंजून गळू लागली, की पाणी आधी वाशांत मुरते, मग भिंतीच्या माथ्यावर उतरते आणि काही पावसाळ्यांत जोत्याच्या सांध्यांतील माती धुऊन नेते. कोकणातील जांभ्याच्या भिंतींची अनेक जुनी घरे, शाळा आणि चावड्या याच क्रमाने खालावत गेल्या आहेत.

फळी व पन्हळ बदलण्याचे काम तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अडचण येते ती मोबदला ठरवताना. एकाच घरासाठी तीन कारागिरांनी सांगितलेल्या रकमांत मोठा फरक पडतो आणि त्यांपैकी वाजवी कोणती हे घरमालकास उमगत नाही. मग तो सर्वांत कमी रक्कम सांगणाऱ्यास काम देतो किंवा ओळखीच्या माणसावर विसंबतो. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या इमारतीबाबत हाच प्रश्न सार्वजनिक पैशाचा होतो. दरातील ही तफावत दर वेळी कारागिराच्या लबाडीतून येते असे मात्र मानू नये. बहुतेक वेळा आपण काय मागितले हेच कोणी स्पष्ट सांगितलेले नसते, आणि प्रत्येकजण आपापल्या समजुतीप्रमाणे वेगवेगळ्या कामाची किंमत सांगतो. यास्तव वाजवी दराची तयारी कारागीर दारी येण्यापूर्वीच करावयाची असते.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी जमते. बारा मीटर लांब आणि वळचणीसह दहा मीटर रुंद असे दुपाखी घर घेतल्यास जमिनीवर मोजलेले त्याचे छत्र १२० चौरस मीटर भरते, म्हणजे प्रत्येक पाख्याच्या वाट्यास ६० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर या गतीने पाऊस कोसळत असेल, तर एका बाजूच्या पन्हळीत मिनिटाला ५० लिटर पाणी येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तसा पाऊस या घरावर पडला असता, तर एका दिवसात एक लक्ष तेरा हजार लिटरहून अधिक पाणी वळचणीवरून गेले असते.

हा हिशेब देण्याचे कारण असे की, पन्हळीची रुंदी आणि खाली उतरणाऱ्या नळांची संख्या ही शोभेची बाब नाही. बारा मीटरच्या पन्हळीस एकच नळ लावून पैसे वाचवणारा पहिल्या मोठ्या सरीत पन्हळ ओसंडताना पाहतो. पूर्वी पोफळीचे खोड उभे चिरून पन्हळी करीत. त्या दोन-तीन पावसाळ्यांत बदलाव्या लागत, परंतु त्या घरच्याच बागेतल्या असल्याने कोणी खर्चाचा विचार करीत नसे. आता पत्रा किंवा प्लास्टिक विकत आणावे लागते, तेव्हा मोजमाप आले.

कामाचे वर्णन आपण लिहावे

दरपत्रक मागण्यापूर्वी घरमालकाने एका कागदावर घराचा साधा आराखडा काढावा आणि टेपने मोजून वळचणीची लांबी लिहावी. वरील घरास दोन बाजूंना मिळून २४ मीटर वळचण आहे. त्याच कागदावर कामाचे वर्णन लिहून त्याची एकच प्रत सर्व कारागिरांना द्यावी. तोंडी सांगितल्यास पहिल्याला सांगितलेले तिसऱ्याला सांगायचे राहून जाते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

फळीबाबत लाकडाची जात, रुंदी आणि जाडी लिहिणे अगत्याचे आहे. ‘चांगले लाकूड’ या शब्दांना दरपत्रकात काहीही अर्थ नाही. साग, फणस, ऐन, किंजळ यांचे भाव निराळे आणि टिकाऊपणाही निराळा. २४ मीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद व २५ मिलिमीटर जाड फळीस सुमारे सव्वाचार घनफूट लाकूड लागते. तीच फळी १९ मिलिमीटर जाडीची घेतल्यास सव्वातीन घनफुटांहून थोडे कमी पुरते. खालून पाहणाऱ्यास हा फरक दिसत नाही, पण लाकडाच्या किमतीत तो जवळजवळ चौथ्या हिश्शाचा आहे. फळी चढवण्यापूर्वी मागच्या बाजूसही रंगाचा किंवा तेलाचा हात द्यावयाचा, हेही लिहून ठेवावे. एकदा ठोकल्यावर मागची बाजू कोणास रंगवता येत नाही आणि कुजण्यास सुरुवात तिथूनच होते.

पत्र्याच्या पन्हळीत फसगत जाडीत होते. ४५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी दुमडून केलेली पन्हळ ०.८ मिलिमीटर पत्र्याची असेल, तर तिचे वजन मीटरला सुमारे २.८ किलो भरते, ०.६ मिलिमीटरची असल्यास २.१ किलो आणि ०.५ मिलिमीटरची असल्यास पावणेदोन किलोच्या आसपास. म्हणजे २४ मीटरला पहिल्या प्रकारात ६८ किलो पत्रा लागतो, दुसऱ्यात ५१. वजनकाटा गावातल्या दुकानात असतोच. पन्हळीचा एक मीटरचा तुकडा तोलून पाहिला, की जाडीबाबतचा वाद तेथेच मिटतो. पत्र्यावरील जस्ताचा लेप दर चौरस मीटरला किती ग्रॅम आहे हेही विचारावे. समुद्रकाठच्या गावी खाऱ्या हवेमुळे पातळ लेपाचा पत्रा लवकर गंजतो, तेथे जाड लेपाचा पत्रा महाग वाटला तरी परवडतो. प्लास्टिकची पन्हळ गंजत नाही. मात्र उन्हाने ती लांबते, म्हणून तिच्या सांध्यांत प्रसरणास जागा ठेवणे आवश्यक असते.

पन्हळ ज्या आकड्यांवर बसते त्यांच्याकडे दुर्लक्ष होते, आणि पन्हळी पडतात त्या बहुधा आकड्यांमुळे. १५ सेंटिमीटर रुंद व तितकीच खोल पन्हळ पानांनी तुंबून भरली, तर मीटरला साडेबावीस किलो पाण्याचा भार येतो. यासाठी दोन आकड्यांतील अंतर ६० सेंटिमीटरहून जास्त नको. उतार नळाच्या दिशेने दर मीटरला ३ ते ५ मिलिमीटर असावा.

राहिला प्रश्न जुने काम काढण्याचा. ते कोण काढणार, परांची कोण बांधणार, फुटलेली कौले कोणाच्या खर्चाने बदलली जाणार, हे लिहिले नाही तर ते सारे घरमालकावर येते. जुनी फळी काढल्यानंतर काही वाशांची टोके कुजलेली निघणार हे जवळजवळ ठरलेले असते. किती निघतील ते आधी कोणासही सांगता येत नाही, आणि नेमका याच ठिकाणी कामाच्या मध्यावर खर्च फुगतो. छप्पर उघडे पडलेले असल्याने घरमालकास नाही म्हणवत नाही. त्यावर उपाय साधा आहे. ‘वाशाचे कुजलेले टोक कापून नवे जोडणे, प्रत्येकी दर’ अशी ओळ दरपत्रकातच मागावी. संख्या मागाहून मोजता येते, दर मात्र आधी ठरलेला असावा. जुने छप्पर किंवा पन्हळ ॲसबेस्टॉस सिमेंटची असेल, तर ती फोडून खाली टाकू नये. तिची धूळ फुप्फुसांस घातक असते. ओली करून अखंड उतरवण्याची अट लिहावी.

तीन दरपत्रके

समजा, वरील घरासाठी तीन दरपत्रके आली. पुढील आकडे केवळ पद्धत समजावण्यासाठी घेतले आहेत, ते बाजारभाव नव्हेत. पहिल्याने उक्ते ५२,००० रुपये सांगितले. दुसऱ्याने फळीस मीटरला ९५०, पन्हळीस १,१५० आणि चार नळांना प्रत्येकी १,८०० असा दर देऊन ५७,६०० रुपये लिहिले व कर वेगळा म्हटले; परांची आणि जुने काढणे त्याने त्यात धरले. तिसऱ्याने फळी ९००, पन्हळ १,२५०, नळ १,७०० आणि जुने काढणे व परांची यांचे ४,५०० मिळून ६२,९०० रुपये लिहिले. तो कर-नोंदणीकृत नसल्याने कराचा प्रश्न नाही. वाशाच्या टोकाचा दरही त्याने स्वतंत्र दिला.

वरवर पाहता पहिला दहा हजारांनी स्वस्त आहे. लेखी विचारणा केल्यावर त्याच्या रकमेत चार नळ नाहीत, रंग नाही, आणि करही वेगळा आहे असे निघाले. नळांचे ७,२०० व रंगाचे ३,००० मिळवून ६२,२०० झाले. त्यावर १८ टक्के कर धरता ७३,३९६ रुपये. दुसऱ्याची रक्कम करासह ६७,९६८ होते. म्हणजे सर्वांत स्वस्त तो सर्वांत महाग ठरला. पुढे दुसऱ्याचा पत्रा ०.६ मिलिमीटरचा आणि तिसऱ्याचा ०.८ मिलिमीटरचा असे कळले, तेव्हा तिसऱ्याच्या बाजूने आणखी एक कारण मिळाले. पहिला अप्रामाणिक होता असे येथे म्हणता येत नाही. त्याला विचारले नव्हते, त्याने सांगितले नव्हते.

कराबाबत एक खुलासा आवश्यक आहे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून अमलात आला. नोंदणी नसलेल्या कारागिरास, किंवा आपसमेळ योजनेखालील व्यावसायिकास, ग्राहकाकडून हा कर वेगळा वसूल करता येत नाही. जो कर लावतो त्याच्या बिलावर पंधरा अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. महाराष्ट्रातील क्रमांक २७ या अंकांनी सुरू होतो आणि तो कराच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

सार्वजनिक इमारतींबाबत

शाळा व ग्रामपंचायतींना तीन दरपत्रकांची पद्धत परिचित आहे. परंतु एकाच व्यक्तीने आणून दिलेली, एकाच हस्ताक्षरातील, रकमांत दोन-दोनशे रुपयांचा फरक असलेली तीन दरपत्रके ही पद्धतीचे केवळ सोंग होत. अशा कागदांनी लेखापरीक्षेतील शेरा टळेलही, शाळेची भिंत कोरडी राहणार नाही. मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीने कामाचे वर्णन स्वतः लिहून वेगवेगळ्या गावांतील कारागिरांना पाठवावे, पाकिटे सर्वांसमक्ष उघडावीत आणि तुलनात्मक तक्त्यात रकमेशेजारी पत्र्याची जाडी, लाकडाची जात व नळांची संख्या हेही रकाने ठेवावेत. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची तुलनेस उपयोगी पडते. किती रकमेपर्यंत दरपत्रकांवर काम देता येते याची मर्यादा शासन निर्णयांनी वेळोवेळी बदलत असल्याने ती पंचायत समितीच्या कार्यालयात विचारूनच पुढे जावे. तक्ता ग्रामसभेत वाचून दाखवल्यास पुढील कुजबुजीस जागा उरत नाही.

वेळेचाही दराशी संबंध आहे. मृग नक्षत्र तोंडावर आले असता मे महिन्यात सर्व गाव शाकारणीच्या मागे असते आणि सुतार सांगेल तो भाव द्यावा लागतो. दिवाळीनंतर मागितलेल्या दरपत्रकावर घासाघीस करण्यास वाव असतो, लाकूड सुकण्यासही अवधी मिळतो.

पैसे देताना

साहित्य आणण्यापुरती उचल द्यावी. सर्व रक्कम आगाऊ देण्याचे कारण नाही. पुढील हप्ते फळी ठोकून झाल्यावर व पन्हळ बसल्यावर, प्रत्यक्ष मोजलेल्या लांबीवर द्यावेत. काम संपल्यावर पन्हळीच्या उंच टोकाशी चार-सहा बादल्या पाणी ओतून पाहावे. ते न साचता नळापर्यंत पोहोचले आणि सांधे ठिबकले नाहीत, तर उतार व जोड बरोबर आहेत असे समजावे. तरीही दहावा हिस्सा पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवण्याची अट आरंभीच लिहून घ्यावी. चांगला कारागीर या अटीस हरकत घेत नाही. आपले दर ठरवताना तो ती जमेस धरतो, आणि तेही रास्तच आहे.

एवढे करूनही काम सदोष निघाले व दुरुस्तीस नकार मिळाला, तर घरमालकास २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. दोषाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क पडत नाही. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर विचारणा करता येते. तक्रारीसोबत कामाचे वर्णन, सहीचे दरपत्रक, पैसे दिल्याच्या पावत्या आणि गळणाऱ्या सांध्यांची छायाचित्रे जोडावीत.