मदत मागताना आणि मदत मिळाल्यावर

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या छोट्या वाचनालयांत ग्रंथनोंदीच्या कामासाठी माझं जाणं-येणं असतं. तिथे एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, हे सॉफ्टवेअर फुकटचं, मग अडलं तर विचारायचं कुणाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. संगणक बसवण्याआधी कार्यकारिणीच्या सभेतच त्याचं उत्तर ठरायला हवं. ते न ठरवता पुढे गेलं की काय होतं, ते मी एका वाचनालयात जवळून पाहिलं आहे.

तिथे 'कोहा' बसवलं होतं. हे सॉफ्टवेअर १९९९ साली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी लिहिलं गेलं. त्यांची जुनी प्रणाली २००० सालात चालेल याचा भरवसा नव्हता. नवी प्रणाली तयार झाल्यावर त्यांनी ती स्वतःपुरती ठेवली नाही, जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना खुली केली. दाखल नोंद, देवघेव, सभासद, थकीत पुस्तकं, सगळं त्यात होतं. मात्र कसलीही हमी नाही, हेही त्याच परवान्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. ते वाक्य आपल्याकडे कुणी वाचत नाही.

या वाचनालयात बाहेरच्या एका माणसाने एकरकमी पैसे घेऊन कोहा बसवून दिलं आणि नंतर तो फोन उचलेना. इंग्रजी पुस्तकं नावावरून सापडत होती, मराठी सापडत नव्हती. शोधाच्या चौकटीत 'कोकण' टाकलं की निकाल शून्य, आणि त्याच नावाची पुस्तकं समोरच्या कपाटात दिसत होती. अनुदानाची तपासणी जवळ आली होती. घाबरलेल्या कार्यवाहांनी कोहाच्या जगभरच्या मंडळींना संदेश पाठवला: तुमचं सॉफ्टवेअर मराठीत चालत नाही, दोन दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर आमचं अनुदान जाईल. उत्तर आलं नाही. कार्यवाह दुखावले. "एवढा नावलौकिक आणि साधं उत्तर नाही!" असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

त्यांचा राग मला समजत होता, पण तो संदेश वाचून कुणालाही काही करता आलं नसतं. कोहाची कितवी आवृत्ती, खालची लिनक्स कुठली, नेमकं काय टाइप केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. आम्ही दोघांनी बसून तो नव्याने लिहिला. एक मराठी शब्द आणि एक इंग्रजी शब्द शोधून दोन्ही पडद्यांची चित्रं जोडली. आधी काय काय करून पाहिलं तेही लिहिलं. तपासणीचा उल्लेख काढून टाकला, कारण ती अडचण आमची होती, वाचणाऱ्याची नव्हती. इंग्रजी साधंच होतं आणि तेवढं पुरलं.

या वेळी उत्तर आलं. कोहाचा शोध 'झेब्रा' नावाच्या भागावर चालतो. त्याची शब्दसूची लॅटिन लिपीच्या नियमांनी बांधली असेल तर देवनागरी शब्द नीट धरले जात नाहीत. ती आयसीयू पद्धतीवर न्यावी लागते आणि मग सगळी सूची नव्याने बांधावी लागते. आमच्या यंत्रावर नेमकं तेच राहून गेलं होतं. सूची बांधून झाल्यावर 'कोकण' टाकलं आणि पुस्तकं एकाखाली एक उतरली.

उत्तरासाठी धीर धरावा लागतो, हेही सांगून ठेवते. अलिबागेत दुपारचे दोन वाजतात तेव्हा न्यूझीलंडमध्ये रात्रीचे साडेआठ किंवा साडेनऊ झालेले असतात. उत्तर देणारा बहुधा स्वतःची नोकरी सांभाळून हे करतो. दिवसातून तीनदा तोच प्रश्न टाकला की तो माणूस बाजूला होतो.

त्याहून वाईटही घडू शकतं. 'एक्सझेड' ही फाइल लहान करणारी छोटी प्रणाली जगातल्या असंख्य लिनक्स यंत्रांत असते. ती वर्षानुवर्षं लासे कॉलिन नावाचा एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. २०२२ साली काही नावांनी त्याच्यामागे तगादा लावला: काम मंद आहे, दुसऱ्याच्या हाती द्या. आपली मानसिक प्रकृती बरी नसल्याचं त्याने सांगूनही टोचणं थांबलं नाही. अखेर 'जिया टॅन' या नावाने मदतीला आलेल्या कुणाला अधिकार मिळाले आणि २०२४ च्या दोन आवृत्त्यांत चोरवाट घुसली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने खोदून काढलं म्हणून २९ मार्च २०२४ ला ते उघड झालं. तगादा लावणारी ती नावं बनावट असावीत असाच जाणकारांचा कयास आहे. पण त्या तगाद्याची भाषा आपण रोज वापरतो तशीच होती, म्हणून तर ती कुणाला खटकली नाही. मला या प्रकरणाचं फार वाईट वाटतं.

आपली वाचनालयं तरी कशी उभी राहिली? वर्गणीवर, दान आलेल्या पुस्तकांवर, संध्याकाळी विनामोबदला येऊन बसणाऱ्या माणसांवर. म्हणून परतफेडीची गोष्ट इथे समजावणं मला कधी जड गेलं नाही. "आम्हाला कुठे प्रोग्रॅमिंग येतं?" असं ग्रंथपाल म्हणतात. ते यावं लागत नाही. कोहात कुणी दुरुस्ती लिहिली की ती थेट आत जात नाही. दुसऱ्या कुणीतरी ती वापरून पाहून सही द्यावी लागते, मग आणखी एक तपासणी होते. ही पहिली सही ग्रंथपाल देऊ शकतो. त्यासाठी ब्राउझरमधूनच चालणारी चाचणीची जागा उपलब्ध आहे. जोडाक्षरं, रफार, 'ऱ्य' असलेली नावं नीट सापडतात का, हे तपासायला मराठी ग्रंथपालाहून योग्य कोण? मराठी भाषांतरातल्या चुका सुधारता येतात. आणि निदान, ज्याने उत्तर दिलं त्याला "चाललं, हे असं केलं" एवढं त्याच जागी लिहून कळवावं, म्हणजे पुढच्याला ते सापडतं. कार्यवाहांनी ते कळवलं आणि सगळ्या पायऱ्या मराठीत लिहून काढल्या. मुरूडकडच्या एका वाचनालयाला ते दोन कागद तसेच्या तसे उपयोगी पडले.

पैसे देऊन मदत घेण्यात काहीच गैर नाही. घाईचं काम असेल तर तेच करावं, कोहाची सेवा देणारे व्यावसायिक आहेत. फक्त करार लेखी असावा. मुख्य पासवर्ड कार्यकारिणीच्या ताब्यात, बंद पाकिटात असावा. आणि बॅकअप कुठे राहतो हे करारात लिहून घ्यावं. कोहा रोज माहितीची प्रत काढतं, पण ती त्याच यंत्रात ठेवतं आणि मुळात दोनच दिवस जपतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं, तेव्हा या पट्ट्यात छपरं उडाली आणि कित्येक गावं आठवडे न आठवडे अंधारात होती. म्हणून दर आठवड्याला एक प्रत गावाबाहेर, पुण्या-मुंबईतल्या एखाद्या सभासदाकडे जावी. ती कुणी पाठवायची, त्याचं नाव सभेच्या इतिवृत्तात लिहावं, आणि वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून 'कोकण' शोधून पाहावं.