इंग्रजी उतारा वाचणें आणि तो समजणें

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका खेड्यांत एका कुटुंबाच्या भेटीस गेलों असतां घडलेली गोष्ट प्रथम सांगतों. घरांतील बाईंचे गुडघे फार दुखत असत. तालुक्याच्या गांवाहून कोणी त्यांस औषधाची बाटली आणून दिली होती, व त्या चमचा हातांत घेऊन बसल्या होत्या. दहावींत असलेल्या मुलास त्यांनीं बाटलीवरील कागद वाचावयास सांगितला. मुलानें तो न अडखळतां वाचला, 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली'. उच्चार इतके स्वच्छ कीं आम्हांस कौतुक वाटलें. "म्हणजे काय रे?" असें आईनें विचारतांच तो क्षणभर थांबून म्हणाला, "बाहेर जायचं असलं तरच घ्यायचं." औषध केवळ बाहेरून चोळण्याचें होतें. आम्हीं चमचा बाईंच्या हातून काढून घेतला.

त्या मुलास शाळेंत इंग्रजींत शंभरांपैकीं सत्तरांहून अधिक गुण मिळत असत, आणि ते त्यानें कोणाचें पाहून मिळविले नव्हते. पुस्तकांतील धड्याखालच्या प्रश्नांचीं उत्तरें गुरुजी फळ्यावर लिहीत, मुलें तीं वहींत उतरून घेत व पाठ करीत. शाळेचें नांव घेण्याचें कारण नाहीं, कारण ही रीत एकाच शाळेची नव्हे. महाराष्ट्रांत मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास सन २००० मध्यें आरंभ झाला. म्हणजे दहावीपर्यंत येणाऱ्या मुलाच्या पदरीं दहा वर्षांचें इंग्रजी असतें. तथापि पाठ्यपुस्तकाबाहेरचा, पूर्वीं कधीं न पाहिलेला उतारा परीक्षेंत पुढें आला म्हणजे पुष्कळ मुलें प्रश्नांतील एखादा शब्द उताऱ्यांत शोधतात, आणि तो ज्या वाक्यांत सांपडेल तें वाक्य जसेंच्या तसें उतरून काढतात. कधीं तें बरोबर ठरतें, आणि हाच त्यांतला धोका आहे. चुकीची रीत अधूनमधून फळ देते, म्हणून ती सुटत नाहीं.

हा दोष केवळ परभाषा शिकणाऱ्यांचा आहे असें मात्र समजूं नये. अमेरिकेंत एडवर्ड थॉर्नडाइक नांवाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनीं १९१७ सालीं आपल्याच भाषेंत वाचणाऱ्या शाळकरी मुलांच्या चुका तपासून एक लेख लिहिला. उतारा साधा होता. मुलांनीं शाळेंत केव्हां हजर राहिलें पाहिजे आणि कोणत्या कारणानें गैरहजेरी चालेल, एवढाच विषय. शब्द मुलांच्या ओळखीचे होते, तरी उत्तरें भलतींच आलीं. एका शब्दास योग्यतेहून अधिक वजन दिलें जाई व दुसरा नजरेंतून सुटे. थॉर्नडाइक ह्यांचें म्हणणें असें कीं, उतारा समजणें हें गणित सोडविण्यासारखें आहे. प्रत्येक शब्दास त्याचें योग्य वजन देऊन सर्वांचा मेळ घालावा लागतो. आमच्या मतें शिक्षकानें हें एक वाक्य जरी मनांत धरिलें तरी त्याच्या शिकविण्याची तऱ्हा बदलेल.

आतां प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. इंग्रजी वाक्यें आम्ही नागरी लिपींत देत आहों. शिकणाऱ्यानें तीं प्रथम रोमन लिपींत उतरून घ्यावीं, म्हणजे तेवढाच लेखनाचाही सराव होईल.

'द ओल्ड वेल निअर द स्कूल इज डीप. इट नेव्हर ड्राइज, बट फ्यू पीपल यूज इट, बिकॉज द वॉटर इज सॉल्टी. अनलेस द रिव्हर इज इन फ्लड, द विमेन वॉक देअर टु फेच वॉटर.'

ह्यांत कठीण म्हणावा असा एकही मोठा शब्द नाहीं. वेल, वॉटर, रिव्हर हे शब्द लहान मुलांसही येतात. परंतु आमच्या संध्याकाळच्या वर्गांत हा उतारा दिला तेव्हां निम्म्या मुलांनीं सांगितलें कीं कांहीं लोक ती विहीर वापरतात, आणि नदीला पूर आला म्हणजे बायका नदीवर जातात! 'फ्यू' आणि 'अ फ्यू' ह्यांत फक्त एका अक्षराचें अंतर आहे. 'अ फ्यू' म्हणजे थोडेबहुत, कांहीं तरी आहेत. नुसतें 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहींतच. 'अनलेस' हा शब्द 'इफ'चा भाऊ आहे असें मुलें समजतात, पण तो आपल्या पोटांत नकार घेऊन चालतो. मराठींत हा नकार आपण उघड बोलतों, 'पूर नसेल तर' असें म्हणतों. इंग्रजींत तो झांकलेला असतो, आणि ज्यास तो दिसला नाहीं तो गांवच्या बायकांस भर पुरांत घागर घेऊन पाठवितो.

'इट' ह्या शब्दाकडेही पाहावें. मराठींत विहीर 'ती' आणि पाणी 'तें', म्हणून सर्वनाम ऐकतांच तें कोणाविषयीं आहे हें लिंगावरून कळतें. इंग्रजींत दोहोंसही 'इट' म्हणतात. आमच्या मुलाचा कान लिंगाची खूण शोधतो, ती मिळत नाहीं, आणि तो पुढें सरकतो. ह्यास उपाय एकच. दर 'इट', 'दे', 'दिस', 'देअर' ह्यांपाशीं थांबून त्याचा धनी कोण हें पेन्सिलीच्या रेघेनें जोडावें. वरील उताऱ्यांत 'देअर' म्हणजे कोठें, हें विचारून पाहा. 'विहिरीवर' असें सांगणारें मूल हटकून निघेल. तिसरी अडचण वाक्याच्या रचनेची आहे. मराठींत क्रियापद शेवटीं येतें, म्हणून मूल शेवटपर्यंत वाट पाहत राहतें, आणि इंग्रजी क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येऊन केव्हांच निघून गेलेलें असतें. लांब वाक्यांत आधीं क्रियापदाखालीं रेघ मारण्याची संवय ह्यासाठीं फार उपयोगी पडते.

आपल्याकडे पिढ्यानुपिढ्या लोक तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर इंग्रजी शिकले, आणि त्या पाठमालेविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु तिच्यांतील सराव बहुतेक सुट्या वाक्यांचा होता. एका वाक्याचा हात दुसऱ्याच्या हातांत कसा असतो, 'बट' आल्यावर मागच्या वाक्याची दिशा कशी फिरते, हें शिकण्यास सलग उतारा पाहिजे. तो लहान असावा. शंभर ते दीडशें शब्द पुरेत. लहान उतारा एका बैठकींत दोनदां वाचून होतो व पुरता तपासतां येतो. दोन पानांचा धडा दमवितो, आणि दमलेलें मूल पुन्हां पाठांतराकडे वळतें.

शब्द किती कठीण असावेत? न्यूझीलंडांतील भाषातज्ज्ञ पॉल नेशन व त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका संशोधिकेनें २००० सालीं असें दाखविलें कीं, कोणाची मदत न घेतां गोष्टीचें पुस्तक नीट समजावयाचें असेल तर शंभरांतील सुमारें अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात. ह्या हिशेबानें आपल्या उताऱ्यांत दोन किंवा तीन अनोळखी शब्द पुष्कळ झाले. दहा असतील तर उतारा बदलावा, आणि त्यांत मुलाचा अपमान आहे असें मानूं नये.

आतां विषयांविषयीं. उतारे निरनिराळ्या विषयांवरचे कां असावेत? केवळ कंटाळा येऊं नये म्हणून नव्हे. अमेरिकेंत १९८८ सालीं दोघी संशोधिकांनीं सातवी-आठवींतील चौसष्ट मुलांस बेसबॉल ह्या खेळाच्या सामन्याचें वर्णन वाचावयास दिलें. कांहीं मुलें वाचनांत हुशार होतीं, कांहीं कच्चीं. तशींच कांहींस खेळाची माहिती होती, कांहींस नव्हती. वाचनांत कच्चीं पण खेळ जाणणारीं मुलें, वाचनांत हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षां अधिक समजलीं! आमच्या खेड्यांतील कोणाही मुलास कबड्डीवरचा इंग्रजी उतारा देऊन पाहावा, आणि मग शेअरबाजारावरचा. तेंच मूल, तीच भाषा, परंतु दोन वेगळीं मुलें वाचीत आहेत असें वाटेल. म्हणजे जें आपण 'इंग्रजी कच्चें' म्हणतों त्यांतला मोठा भाग विषयाच्या अज्ञानाचा असतो, व तें अज्ञान मराठींत बोलूनही दूर करतां येतें.

ह्यास्तव आमची रीत अशी आहे. उतारा हातीं देण्यापूर्वीं पांच मिनिटें त्या विषयावर मराठींत बोलावें. विषय प्रथम घरचे घ्यावेत. विहीर, बाजरी, गुरें, एस.टी.ची वेळ. नंतर हळूहळू दूर जावें. रेल्वे, लस, भूकंप, समुद्र, बँकेचें कर्ज, न्यायालय. प्रत्येक विषयाची बोलण्याची धाटणी निराळी असते. गोष्टींत आधीं काय नंतर काय हें पाहावें लागतें. शास्त्रीय उताऱ्यांत कारण व परिणाम. सूचनेंत कोणी काय करावें व काय करूं नये. नुसत्या गोष्टीच वाचलेल्या मुलाला बाटलीवरचा कागद समजत नाहीं, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

मग दोन प्रश्न आधीं सांगावेत व उतारा मुकाट्यानें वाचूं द्यावा. मोठ्यानें वाचावयास लावूं नये; उच्चाराच्या काळजींत अर्थ निसटतो. पहिल्या वाचनांत शब्दकोश बंद. अनोळखी शब्दाखालीं टिंब देऊन पुढें जावें, आणि पुढच्या वाक्यावरून त्याचा अंदाज बांधावा. उत्तर आलें म्हणजे शिक्षकानें 'बरोबर' किंवा 'चूक' असें लगेच म्हणूं नये, "कोणत्या ओळीवरून?" असें विचारावें, आणि मुलानें बोट ठेवून ओळ दाखवावी. आमच्या अनुभवांत ह्या एका प्रश्नानें जितकें काम केलें तितकें दुसऱ्या कशानेंही केलें नाहीं. कारण बोट ठेवतांना मूल स्वतःच आपली चूक पाहतें. एखादा प्रश्न मुद्दाम असा घालावा कीं ज्याचें उत्तर उताऱ्यांत नाहींच. 'उताऱ्यांत सांगितलेलें नाहीं' असें धीटपणें म्हणण्यास मुलें फार भितात. त्यांस वाटतें कीं प्रश्न आहे म्हणजे उत्तर असलेंच पाहिजे.

शेवटीं पुस्तक मिटून उताऱ्याचा सारांश मराठींत तीन वाक्यांत सांगावा. इंग्रजींत सांगण्याची घाई नको. ज्यांस इंग्रजींत बोलण्याचा सराव पाहिजे त्यांनीं मायकेल वेस्ट ह्यांची युक्ति करून पाहावी. हे इंग्रज गृहस्थ १९२० नंतरच्या दशकांत ढाका येथील शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजाचे मुख्य होते, आणि बंगालमधील मुलांस इंग्रजी वाचावयास कसें शिकवावें ह्याचा त्यांनीं पुष्कळ विचार केला. पुस्तकांत पाहून एक तुकडा मनांत वाचावा, मान वर करावी, आणि समोरच्याकडे पाहून तो बोलावा. डोळे पुस्तकावर असतां बोलूं नये. ह्यांत तुकडा क्षणभर तरी मनांत धरावा लागतो. वेस्ट ह्यांचा आणखी एक विचार खेड्यांतील आईबापांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. विम्याचे हप्ते मध्येंच थांबले तरी कांहीं रक्कम परत मिळते. तसें शाळा मध्येंच सुटली तर मुलाच्या पदरीं इंग्रजीचें काय उरेल, असें ते विचारीत. त्यांचें उत्तर होतें, समजून वाचण्याची शक्ति. पाठ केलेलीं उत्तरें परीक्षेनंतर महिनाभरही टिकत नाहींत.

वेळ लावून वाचण्याविषयीं मतभेद आहेत. अमेरिकेंत मॅकॉल व क्रॅब्स ह्यांनीं तयार केलेलीं छोट्या उताऱ्यांचीं पुस्तकें फार वापरलीं गेलीं. त्यांत एका उताऱ्यास व त्याच्या प्रश्नांस तीन मिनिटें देत. परीक्षा जवळ आलेल्या मुलांस हें चालेल. नवशिक्यास घड्याळ दाखवूं नये, असें आमचें मत आहे.

आठवड्यास असे तीन उतारे पुरेत. शिक्षक नसेल तेथें दोन मुलांनीं जोडीनें बसावें व एकमेकांस ओळ विचारावी. सरावासाठीं औषधाच्या व खताच्या पिशवीवरील कागद, बँकेंतील फॉर्म, जुनीं पाठ्यपुस्तकें, काय मिळेल तें जमवावें. पुढील उतारा फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर असतो तशा सूचनांचा आहे. तो आम्हींच रचिला आहे.

'कीप दिस बॉटल अवे फ्रॉम फूड. डू नॉट स्प्रे व्हेन द विंड इज स्ट्राँग. वॉश युअर हँड्स बिफोर यू ईट, इव्हन इफ दे लुक क्लीन. डू नॉट लेट कॅटल इनटू द फील्ड अंटिल सेव्हन डेज हॅव पास्ड.'

प्रश्न. 'दे' म्हणजे कोण? हात स्वच्छ दिसत असतील तर धुवावे काय, आणि हें कोणत्या दोन शब्दांवरून कळतें? सोमवारीं सकाळीं फवारणी झाली तर येत्या शनिवारीं गुरें शेतांत सोडावीं काय? जोराच्या वाऱ्यांत फवारल्यास काय होतें, हें उताऱ्यांत सांगितलें आहे काय? उत्तरें मराठींत लिहावीं, आणि प्रत्येकापुढें ओळ कोणती तें लिहावें.