पाहुण्यांसाठी फळ-पनीरचं ताट : पाणी आवरा, चव सांभाळा

नाताळची सुट्टी लागली की छत्रपती संभाजीनगरातल्या घरांमध्ये पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. पुण्या-मुंबईची भाचरं, नागपूरचे आत्या-मामा, सगळ्यांना लेणी पाहायची असतात. वेरूळ, घृष्णेश्वर, खुलताबाद आणि परतीच्या वाटेवर देवगिरीचा किल्ला, असा दिवस घालवून मंडळी सहा-सातला घरी येतात ती दमलेली आणि भुकेजलेली. जेवायला मात्र नऊ वाजणार. मधल्या वेळात भजी-समोसे दिले की जेवणाची भूक मरते आणि नुसत्या चहावर भागत नाही. अशा वेळी फळ आणि पनीर-चीजचे छोटे घास उत्तम. पोटाला आधार होतो, तोंडाला चव येते आणि तळणाचा घाट घालावा लागत नाही.

या पदार्थांत शिजवणं फारसं नाही. ते बिघडतात बहुधा एकाच कारणानं : पाणी. फळाला पाणी सुटतं, पनीरमधून पाणी झिरपतं, खालची भाकरी मऊ पडते आणि अर्ध्या तासात सगळं ताट ओलंगिच्च होतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचं सूत्र एकच आहे. प्रत्येक जिन्नस आधी वेगळा कोरडा करायचा आणि एकत्र आणायचा तो पाहुणे हात-पाय धुऊन बसल्यावरच.

साहित्य (१२ माणसांसाठी, चार प्रकार मिळून सुमारे १०० घास)

पनीरसाठी : म्हशीचं दूध दीड लिटर, लिंबाचा रस ३ मोठे चमचे.
चक्क्यासाठी : घट्ट, ताजं, आंबट नसलेलं दही पाऊण किलो.
प्रोसेस्ड चीज : १५० ग्रॅम (२५ ग्रॅमचे ६ क्यूब).
फळं : पिकायला लागलेले पण कडक पेरू ३, मोसंबी ४, लहान अननस अर्धा, डाळिंब १, मऊ खजूर २०.
इतर : ज्वारीच्या पातळ भाकऱ्या ३, कारळ्याची चटणी, भाजलेले बदाम २०, जिरं, मिरी, लाल तिखट, मीठ, १ लिंबू, पुदिना, लाकडी टूथपिक.

जाधववाडीच्या मार्केट यार्डात किंवा शहागंजला एका फेरीत ही सगळी फळं मिळतात. मोसंबी तर आपल्या घरचीच म्हणायची. शेजारच्या जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि पैठण तालुक्यातला पाचोडचा मोसंबी बाजार सगळ्यांना ठाऊक आहे. मोसंबी निवडताना रंगाकडे कमी आणि वजनाकडे जास्त लक्ष द्या. हातात जड लागते ती रसाळ. पेरू मात्र उलट तपासा. अंगठ्यानं दाबल्यावर खड्डा पडला तर तो नुसता खायला ठेवा, काडीवर तो टिकणार नाही.

आदल्या रात्री

१. चक्का बांधा. दही सुती फडक्यात बांधून दोन तास टांगून ठेवा. मग तीच पुरचुंडी चाळणीत ठेवा, चाळणी पातेल्यावर बसवा आणि वर झाकण घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमध्ये पाणी निथळत राहतं, पण आंबटपणा वाढत नाही. सकाळी सुमारे ३०० ग्रॅम चक्का मिळतो. श्रीखंडाला लागतो तसाच घट्ट हवा. चमचा उलटा केला तरी पडता कामा नये. क्रीम चीजसाठी दुकानं पालथी घालायची गरज नाही. मीठ-मिरी घातलेला चक्का ते काम चोख करतो.

२. पनीर करा. दूध उकळलं की गॅस बंद करून तीन-चार मिनिटं थांबा. लिंबाच्या रसात तेवढंच पाणी मिसळून ते थोडं थोडं घाला आणि हलक्या हातानं ढवळा. चोथा वेगळा होऊन खाली हिरवट-पिवळी निवळी दिसली की रस घालणं थांबवा. दुधाला उकळी फुटत असताना रस ओतला किंवा जास्त ओतला, तर पनीर चिवट होतं. चोथा फडक्यात गाळून थंड पाण्याखाली धरा, म्हणजे लिंबाचा वास जातो. घट्ट पिळा, फडक्याची चौकोनी घडी घाला आणि वर दोनेक किलोचं वजन तासभर ठेवा. एरवी आपण पनीर पाण्यात ठेवतो. इथे तसं करू नका. कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. सुमारे ३०० ग्रॅम पनीर होतं. उरलेल्या निवळीत कणीक भिजवा, पोळ्या मऊ होतात.

विकतचं पनीर आणलंत तर पाकिटातलं पाणी काढून टाका, कोरड्या फडक्यानं टिपा आणि तासभर वजनाखाली ठेवा. चीज घेताना पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्या. शाकाहारी पाहुण्यांना हमखास पडणारा प्रश्न तिथेच मिटतो.

त्या दिवशी दुपारी

३. भाकरी कडक करा. भाकरीचे दोन बोटं रुंदीचे चौकोन कापा. असे २४ तुकडे लागतील. मंद आचेवरच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी कुरकुरीत होईपर्यंत शेका. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरले तर वाफेनं मऊ पडतात. बाजारात मिळणारी कडक भाकरीही चालते.

४. अननस शेका. ही पायरी गाळू नका. कच्च्या अननसात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं, ब्रोमेलेन. चक्का किंवा पनीर त्याच्याजवळ थोडा वेळ जरी राहिलं तरी कडवट होतं. पपई आणि किवीतही अशीच विकरं असतात. उष्णता लागली की त्यांचा जोर संपतो. अननसाच्या बोटभर जाड चकत्या कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं शेका. कडा तांबूस होतात, वरचं पाणी आटतं आणि गोडी एकवटते. गार करून चकत्यांचे २४ तुकडे करा.

५. खजूर भरा. उभी चीर देऊन बी काढा. १०० ग्रॅम चक्क्यात चिमूटभर मीठ आणि लिंबाची किसलेली साल घाला. सालीचा फक्त वरचा रंगीत थर किसा, खालचा पांढरा भाग कडू असतो. प्रत्येक खजुरात चमचाभर चक्का भरून वर भाजलेला बदाम खोचा आणि फ्रिजमध्ये ठेवा. चारांपैकी एवढा एकच प्रकार आधी पूर्ण करून ठेवता येतो, कारण खजुराला पाणी सुटत नाही.

पाहुणे येण्याआधी पाऊण तास

६. पेरू आणि पनीर कापा. पेरूचे चार भाग करून बियांचा गर चमच्यानं काढा. त्याची नंतर कोशिंबीर होते. उरलेल्या कडक भागाचे सुमारे दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. पनीरचेही तेवढेच ३२ तुकडे करा. दोन्ही एका मापाचे असले की एका घासात दोघांची चव बरोबरीनं येते. मीठ अजून लावू नका. फळाला मीठ लागलं की पाणी सुटायला लागतं.

७. मोसंबी सोला. हे काम दुपारी उरकायचा मोह आवरा. मोसंबीचा रस निघाला की काही वेळानं कडू होतो, हे रसवंतीवाल्यालाही ठाऊक असतं. वरची आणि खालची टोकं कापून फळ पाटावर उभं ठेवा. पांढऱ्या थरासकट साल सुरीनं वरून खाली उतरवा. मग प्रत्येक फोडीच्या पापुद्र्याला लागून सुरी घाला, फोड आपोआप सुटते. बिया आणि पापुद्रा अजिबात राहू देऊ नका, कडूपणाचं मूळ तिथेच आहे. फोडी कोरड्या सुती कापडावर १५ मिनिटं पसरून ठेवा.

८. चीज कापा. क्यूब फ्रिजमधून आयत्या वेळी काढा. गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीनं प्रत्येकाचे चार तुकडे करा, म्हणजे कडा सरळ येतात.

जुळणी : शेवटची पंधरा मिनिटं

९. पेरू-पनीर काडी. टूथपिकला आधी पनीर, मग पुदिन्याचं पान, मग पेरू लावा. भाजून भरडलेलं जिरं, मीठ आणि लाल तिखट एकत्र करून ताट नेताना वरून भुरभुरा.

१०. मोसंबी-चक्का भाकरी. उरलेल्या २०० ग्रॅम चक्क्यात पाव चमचा मीठ आणि जाडसर मिरी घाला. भाकरीच्या प्रत्येक तुकड्यावर पातळ थर द्या, मोसंबीची एक फोड ठेवा, चिमूटभर कारळ्याची चटणी आणि डाळिंबाचे तीन-चार दाणे घाला. कारळ्याचा खमंग कडवटपणा मोसंबीच्या गोडीला उठाव देतो. या ताटातला सगळ्यात आपल्या मातीचा घास हाच, त्यामुळे तो सगळ्यात शेवटी करा आणि सगळ्यात आधी वाढा.

११. अननस-चीज काडी. वाढदिवसाच्या कितीतरी पार्ट्यांत कोबीच्या गड्ड्यावर खोचून मांडलेल्या काड्या आठवत असतील, तोच हा प्रकार. फरक एवढाच की अननस शेकलेला आहे, त्यामुळे चीज ओलं होत नाही. वर थोडी मिरी पुरे.

वाढताना

चारही प्रकार एकाच ताटात गर्दीनं मांडू नका. कुरकुरीत भाकरी वेगळ्या ताटात ठेवा. निम्मे घास बाहेर आणा, निम्मे फ्रिजमध्ये राहू द्या आणि लागतील तसे आणा. डिसेंबरच्या थंडीतही चक्का आणि कापलेली फळं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत. लहान मुलांना काडी काढून वाटीत द्या. घरातली काही वडीलधारी मंडळी दुधाचे पदार्थ आणि फळं एकत्र खात नाहीत. त्यांच्यासाठी पेरू-मोसंबीची वेगळी वाटी आणि कारळ्याच्या चटणीसोबत नुसते पनीरचे तुकडे न विचारता समोर ठेवा. कोणालाही नाही म्हणायची वेळ आणू नये, हे पाहुणचारात पदार्थाइतकंच महत्त्वाचं.

पेयात गोड सरबत टाळा. आल्याचा बिनसाखरेचा काढा किंवा लिंबू घातलेला कोरा चहा या चवींना जुळतो.

ऋतूप्रमाणे बदल

दिवाळीत बीडकडची सीताफळं येतात. गर मऊ असल्यानं ती काडीवर चालत नाहीत; बिया काढलेला गर चक्क्यावर घालून लहान वाट्यांतून द्या. सीताफळाचा गर गरम करू नका, कडवट होतो. जानेवारीपासून द्राक्षं घ्या, उभी अर्धी कापून पनीरबरोबर लावा. मे महिन्यात मराठवाड्याचा केशर आला की पेरूच्या जागी किंचित कडक केशरच्या फोडी आणि जिरं वगळून नुसतं लाल तिखट-मीठ वापरा. आंबा फार रसाळ असतो, म्हणून फोडी तासभर फ्रिजमध्ये कापडावर पसरून ठेवा.

लेण्यांचा दिवस ठरवताना वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं, हे पाहुण्यांना आधीच कळवा. वेरूळची फेरी संध्याकाळपर्यंत आटोपते, अजिंठ्याहून परतायला मात्र रात्र होते. तेव्हा हे ताट वेरूळच्या दिवशी ठेवा आणि चक्का त्याच्या आदल्या रात्री बांधा.