स्क्लेरोस्टिनची एलायझा : ब्रिटनमध्ये एका नमुन्याला किती पौंड?

हाडांवरच्या संशोधनासाठी ब्रिटनच्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्याच्या हाती लवकरच एक कोटेशन पडतं : मानवी स्क्लेरोस्टिन मोजणाऱ्या एलायझा चाचणीचं किट, ९६ वेलची (खळग्यांची) एक प्लेट. स्क्लेरोस्टिन हे प्रथिन हाडांतल्या ऑस्टिओसाइट पेशी तयार करतात आणि ते नवं हाड घडण्याला लगाम घालतं. त्याला रोखणाऱ्या रोमोसोझुमॅब या औषधाची शिफारस ‘नाइस’ या उपचारांची पारख करणाऱ्या संस्थेनं मे २०२२ मध्ये केली. रजोनिवृत्तीनंतरचा तीव्र ऑस्टिओपोरोसिस आणि गेल्या दोन वर्षांत झालेलं मोठं फ्रॅक्चर, अशा रुग्णांसाठी ते आहे.

कोटेशनवरच्या किमतीला ९६ नं भागू नका. सगळी फसगत तिथेच होते. स्टँडर्डच्या सात पातळ्या आणि एक ब्लँक, सगळं दोनदा, म्हणजे १६ वेल गेले. दोन कंट्रोलचे चार. उरले ७६, प्रत्येक नमुनाही दोनदा लावायचा, म्हणजे नमुने फक्त ३८. हिशेबापुरतं किट ५०० पौंडांचं धरा. त्यावर २० टक्के व्हॅट, झाले ६००. एका नमुन्याला जवळजवळ १६ पौंड पडले, शिवाय पाठवणीचा खर्च वेगळा. तीच प्लेट दोन वेळांत वापरलीत तर स्टँडर्ड आणि कंट्रोल पुन्हा लावावे लागतात. मग नमुने उरतात २८ आणि दर जातो साडेएकवीस पौंडांच्या आसपास. म्हणून नमुने फ्रीजरमध्ये साठू द्या आणि प्लेट भरेल तेव्हाच किट उघडा.

व्हॅटबद्दल ऑर्डर देण्याआधीच अकाउंट्स विभागाला विचारा. वैद्यकीय संशोधन करणाऱ्या धर्मादाय संस्थेला चाचणीत थेट वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांवर शून्य दर मिळू शकतो. त्यासाठी विक्रेत्याला पात्रतेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. वरच्या उदाहरणात हेच १०० पौंड वाचतात.

तयार किटाऐवजी अँटिबॉडीची सुटी जोडी घेऊन प्लेटवर तिचा थर स्वतः दिला तर ते स्वस्त पडतं, पण प्लेट, बफर, सब्स्ट्रेट वेगळे घ्यावे लागतात आणि बसवण्यात दिवस जातात. शे-दीडशे नमुन्यांसाठी मी तयार किटच घेईन. ४५० नॅनोमीटरवर वाचणारा प्लेट रीडर विभागात आहे ना, तेही आधी पाहा.

स्वस्त मिळालं म्हणून अभ्यासाच्या मध्यावर कंपनी मात्र बदलू नका. स्क्लेरोस्टिनच्या वेगवेगळ्या किटांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आधीचे सगळे नमुने पुन्हा लावण्याची पाळी येते. सीरम आणि प्लाझ्मा यांचीही सरमिसळ नको.

घरातल्या आजीसाठी ही चाचणी करून घ्यावी का, असं कुणी विचारलं तर उत्तर नाही असंच आहे. ही किटं मुख्यतः संशोधनासाठी असतात. उपचार ठरतात ते हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन, आधीची फ्रॅक्चर आणि कॅल्शियम, ड जीवनसत्त्व अशा साध्या तपासण्यांवरून. आजी ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्ण असतील आणि जीपींनी, म्हणजे फॅमिली डॉक्टरांनी, या तपासण्या सांगितल्या, तर त्यांना एक पेनीही द्यावी लागत नाही.