गणित सोडू नका, शुक्राणूंवर काम करायचंय ना!

‘जीवशास्त्र आवडतं, पण डॉक्टर व्हायचं नाही’ असं मुलीनं सांगितलं की आईबाबांचा चेहरा उतरतो. त्यात ‘मला पुरुषांच्या वंध्यत्वावर संशोधन करायचंय’ अशी भर पडली, तर घरात पटकन विषय बदलला जातो. नातेवाईक काय म्हणतील, लग्नाच्या वेळी काय सांगायचं, हे प्रश्न पगाराच्याही आधी येतात. म्हणून हे क्षेत्र नेमकं काय आहे ते आधी बघू, पगाराचं नंतर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दर सहा प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा सामना करावा लागतो. मूल होत नसलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये काही ना काही कारण पुरुषाकडेही असतं. तरी आपल्याकडे तपासण्यांची फाइल जाड होते ती बायकोच्याच नावाची.

पुरुषाची जननक्षमता वृषणात ठरते, असं आपण समजतो. तिचं वेळापत्रक मात्र मेंदूत ठरतं. हायपोथॅलॅमसमधल्या मूठभर चेतापेशी दीड-दोन तासांनी जीएनआरएच नावाचं रसायन सोडतात. त्यावर पिट्युटरी ग्रंथी दोन संप्रेरकं रक्तात पाठवते आणि मग वृषणात टेस्टोस्टेरॉन व शुक्राणू तयार होतात. गंमत म्हणजे हेच जीएनआरएच थांबून थांबून देण्याऐवजी सलग दिलं, तर पिट्युटरी काही दिवसांत गप्प होते. या चेतापेशी गर्भावस्थेत नाकाच्या भागातून मेंदूत जातात. तो प्रवास अर्धवट राहिला, तर मुलाला वास येत नाही आणि तो वयातही येत नाही. याला कालमन सिंड्रोम म्हणतात. वेळेवर निदान झालं, तर संप्रेरकं देऊन अशा अनेक पुरुषांमध्ये शुक्राणू तयार करता येतात.

डोपामिनचंही असंच. आपण त्याला आनंदाशी जोडतो, पण पिट्युटरीतलं प्रोलॅक्टिन आटोक्यात ठेवणं हेही त्याचंच काम. काही मानसिक आजारांवरची औषधं डोपामिनला अडवतात, प्रोलॅक्टिन वाढतं आणि जननसंस्था मंदावते. (हे वाचून कुणी स्वतःच्या मनानं गोळ्या बंद करू नयेत. औषध बदलायचं की नाही हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं.)

खरी नवलाई पुढेच आहे. पक्व शुक्राणूची जनुकं जवळजवळ मूक असतात. गरज पडली की नवी प्रथिनं बनवावीत, अशी सोय त्याच्याकडे नसते. त्यामुळे स्त्रीबीजापर्यंतच्या वाटेवर जे काही ओळखायचं, ते अंगावर आधीपासून असलेल्या रिसेप्टरांनी आणि आयन-मार्गांनीच. डोपामिन, सेरोटोनिन, गाबा, ओपिऑइड या मेंदूतल्या संदेशक रसायनांचे रिसेप्टर शुक्राणूवरही सापडले आहेत. डुकराच्या शुक्राणूंवरच्या प्रयोगांत थोड्या डोपामिननं हालचाल सुधारलेली दिसली, तर जास्त डोपामिननं बिघडलेली.

एक उदाहरण नीट बघू. मेंदूत २-एजी नावाचं, शरीरानं स्वतःच बनवलेलं गांजासदृश रसायन चेतापेशींच्या संदेशांना लगाम घालतं. शुक्राणूच्या शेपटीवर कॅटस्पर नावाचा कॅल्शियमचा मार्ग आहे. २-एजी तोही बंद ठेवतं. स्त्रीबीजाभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन सोडतात. त्यानं शुक्राणूवरचं एक विकर जागं होतं आणि २-एजीचे तुकडे करतं. मार्ग उघडतो, कॅल्शियम आत घुसतं आणि शेपटी सपासप हलू लागते. हा उलगडा बर्कलेतल्या पोलिना लिश्को यांच्या गटानं २०१६ मध्ये केला.

हे कळलं कसं? शुक्राणूच्या आतबाहेर वाहणारा विद्युतप्रवाह मोजून. काचेची केसाहून बारीक नळी पेशीला चिकटवायची आणि पिकोअँपिअरमधला प्रवाह टिपायचा. शुक्राणूची त्वचा इतकी ताणलेली असते की नळी चिकटतच नसे. शेपटीच्या वरच्या भागात उरलेल्या पेशीद्रवाचा एक बारीक थेंब असतो, तिथे त्वचा सैल असते. २००६ मध्ये किरिचोक, नवारो आणि क्लॅपहॅम यांनी नळी तिथे लावली आणि काम जमलं.

म्हणूनच अकरावीत ‘नीटच द्यायची आहे, गणित कशाला?’ असं म्हणून गणित सोडणाऱ्यांना थांबवावंसं वाटतं. आयसरच्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्राबरोबर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणितावरही प्रश्न असतात. पुढे प्रयोगशाळेत तर हे चारही विषय एकाच टेबलावर येतात.

डॉक्टर झाल्याशिवाय या क्षेत्रात किंमत नाही, हाही गैरसमजच. टेस्ट ट्यूब बेबीसाठी २०१० चं नोबेल मिळालेले रॉबर्ट एडवर्ड्स डॉक्टर नव्हते. ते शेतीशास्त्राकडून प्राणिशास्त्राकडे आणि तिथून जनुकशास्त्राकडे गेले होते. मुंबईच्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला जन्मलेल्या टेस्ट ट्यूब बाळामागे डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्याइतकेच परळच्या प्रजनन संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ टी. सी. आनंदकुमार होते. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच हे साधलं होतं. त्यांच्या नोंदी तपासून ते जाहीरपणे मान्य करणारे आनंदकुमारच. परळची ती संस्था आज राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

आता वाटा. संशोधनाची ओढ असेल, तर आयसर किंवा चांगल्या महाविद्यालयातून बीएस्सी-एमएस्सी, मग नेट-जेआरएफ आणि पीएचडी. जेआरएफचे २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. पीएचडीची पाच-सहा वर्षं धरून चाला. तेवढा दम नसेल, तर आत्ताच ठरवलेलं बरं. जनावरांची आवड असेल, तर पशुवैद्यकाची पदवी घ्या. उरुळीकांचनच्या बाएफसारख्या ठिकाणी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वीर्य गोठवून ठेवतात. तिथे शुक्राणूंचं ज्ञान थेट गोठ्यापर्यंत पोचतं.

तिसरी वाट दवाखान्यातल्या भ्रूणतज्ज्ञाची. हिची जाहिरात सर्वात जास्त आणि फसवणूकही. काम झगमगाटाचं नाही. सकाळी लवकर हजर व्हायचं, अत्तर-डिओ लावायचा नाही, प्रत्येक डबीवरचं नाव दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायचं. भ्रूण रविवार पाळत नाहीत, त्यामुळे सुट्टीही पक्की नसते. वीर्यतपासणीत नमुना पातळ व्हायची वाट बघायची, मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक शुक्राणू मोजत कोण पुढे जातो, कोण जागीच वळवळतो, ते लिहायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत मिलिलिटरला १.६ कोटी ही संख्येची खालची संदर्भमर्यादा दिली आहे. तुमच्या मोजणीतल्या चुकीवर कुणाचं तरी घर हादरू शकतं. ज्याला हातानं बारीक काम जमतं आणि कंटाळा येत नाही, त्यानंच इकडे यावं.

पगार सुरुवातीला माफकच असतो. हात बसला की वाढतो, पण कोणी आकडा छापून हमी देत असेल, तर सावध व्हा. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानं केंद्रांची नोंदणी सक्तीची झाली आणि भ्रूणतज्ज्ञाची पात्रता नियमांत लिहिली गेली. चार आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर ती जागा मिळत नाही. मणिपालसारख्या विद्यापीठांत पूर्णवेळ एमएस्सी आहे. इतरत्र प्रवेश घ्यायचा असेल, तर पदवी विद्यापीठाची आहे का ते विचारा, प्रयोगशाळा डोळ्यांनी बघा आणि मागच्या तुकडीतल्या दोघांशी तरी फोनवर बोला. यातल्या एकालाही टाळाटाळ झाली, तर फी भरू नका.