राऊटर सुरक्षित करायला किती पैसे लागतात?

घरच्या वायफाय राऊटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफाय जोडण्याचा, जो आपण पाहुण्यांनाही देतो. दुसरा ॲडमिनचा, राऊटरची सेटिंग उघडणारा. तो अनेक घरांत कारखान्यातून आला तसाच राहतो. त्यात रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे इंटरनेटवरून राऊटर हाताळण्याची सोय, चालू असली की जगातला कुणीही तो पासवर्ड घालून पाहू शकतो. जुलै २०१७मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे मोडेम न बदललेल्या ॲडमिन पासवर्डमुळेच व्हायरसच्या तावडीत सापडले. आत शिरलेला माणूस डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी व्यवस्था) बदलून तुम्हाला बँकेच्या खोट्या पानावर नेऊ शकतो. अशा वेळी ब्राउझरने धोक्याची सूचना दिली, तर तिथेच थांबा.

यावरचा मुख्य उपाय फुकट आहे. राऊटरच्या स्टिकरवरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) ब्राउझरमध्ये टाका, ॲडमिन पासवर्ड बदला, रिमोट मॅनेजमेंट आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) बंद करा, फर्मवेअर म्हणजे राऊटरचं आतलं सॉफ्टवेअर अपडेट करा. अपडेट मध्येच तुटलं तर राऊटर निकामी होऊ शकतो, म्हणून वीज जाण्याच्या वेळा टाळा. एवढ्यासाठी कुणाला बोलावलं, तर येण्याचे पैसे फोनवरच ठरवून घ्या. आणि पासवर्ड आठवत नाही म्हणून फायबर कंपनीने दिलेल्या डब्याचं, म्हणजे राऊटरचं, रीसेटचं बटण दाबू नका. कनेक्शनची माहितीही पुसली जाऊ शकते, मग तंत्रज्ञाला बोलावणं आलंच.

कंपनीने दिलेल्या डब्याची गोष्ट वेगळी. अनेक कंपन्या तो टीआर-०६९ या पद्धतीने स्वतःच दुरून सांभाळतात, आणि ही सोय ग्राहकाला सहसा बंद करता येत नाही. नोव्हेंबर २०१६मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी कोलमडली, ती अशाच व्यवस्थेवरच्या हल्ल्यामुळे. दुरुस्तीचं अपडेट कंपनीलाच द्यावं लागलं. म्हणून माझं ठाम मत आहे, की डबा कंपनीचा असेल तर त्याच्या सुरक्षिततेचा खर्च तिनेच उचलावा. शेवटचं अपडेट कधी झालं, जुना डबा फुकट बदलून मिळेल का, हे लेखी विचारा. दाद लागली नाही तर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. त्यानंतर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही.

राऊटर स्वतःचा असेल आणि त्याची अपडेट थांबली असतील, तरच नवा घ्या. दोन बँडचा साधा राऊटर साधारण दीड-दोन हजारांत येतो, वायफाय ६चा अडीच ते चार हजारांत. जास्त अँटेनांसाठी दिलेल्या पैशांनी सुरक्षितता वाढत नाही. दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी सुरक्षा आहे का, आणि अपडेट किती वर्षं मिळतील? जुना स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. घरच्या संगणकाचीही शंका येत असेल, तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची तपासणीची साधनं मोफत आहेत.